आईच्या वाकळेचे शेजारीण दीडशे डॉलर देऊ म्हणते. घ्यावेत का?

कऱ्हाडची_लेक | १४ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

आम्ही पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गजवळ राहतो. मला आणि नवऱ्याला ग्रीन कार्ड आहे. आई जूनमध्ये टुरिस्ट व्हिसावर आली, नोव्हेंबरात परत जाईल. येताना तिच्या बॅगेत पापड-कुरडया कमी आणि जुनी लुगडी जास्त होती. आजीची दोन इरकली, बाबांची धोतरं, माझ्या लग्नात पाहुण्यांनी दिलेली आणि कुणीच न नेसलेली सुती पातळं. मी चिडले, इथे काय चादरी मिळत नाहीत का? तर म्हणाली, "सहा महिने मी काय तुमच्या भिंती बघत बसू?"

तेव्हापासून रोज दुपारी मागच्या पायरीवर बसून तिचं वाकळ शिवणं चालू आहे. (आमच्याकडे वाकळ, पुण्याकडे गोधडी. त्यावरून वाद नको.) शेजारी एक निवृत्त शाळामास्तरीण राहते. ती कुंपणावरून बघायची, मग कुंपणाच्या आत आली, मग तिच्या आईची क्विल्ट (इकडची गोधडीच) घेऊन आली आणि दोघी एकमेकींची भाषा येत नसताना तासभर बोटांनी टाके मोजत बसल्या. गेल्या रविवारी तिने मला विचारलं, ही झाली की मला विकाल का? दीडशे डॉलर देईन.

आईला सांगितलं तर आधी हसली. "वाकळ कोण विकत घेतं? कुणाचं नेसलेलं लुगडं, ते का बाजारात मांडायचं?" दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना हळूच, "दीडशे म्हंजे किती गं आपले?" म्हटलं, तेरा हजाराच्या वर. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिला सांग, एका बाजूचा काठ विटलाय, तो बदलून देते."

तर प्रश्न असे. पैसे घेतलेले चालतात का? दीडशे बरोबर आहेत का? आणि नवऱ्याच्या ऑफिसातली एक बाई म्हणाली की 'कांथा' असं नाव देऊन इंटरनेटवर टाक, पटापट जातात. तसं करू का?

---

नियमपुस्तक | १४ सप्टेंबर

आधी कडू बोलतो. बी-२ म्हणजे टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाने इथे बसून वस्तू बनवायची आणि तिचे पैसे घ्यायचे, हे काम झालं. त्या व्हिसावर काम करता येत नाही. रोख घ्या, झेल ॲपवर घ्या, तुमच्या खात्यात घ्या, शिवणारा हात त्यांचाच राहतो. "दीडशे डॉलरसाठी कोण बघतंय" हे वाक्य मी खूप ऐकलंय. पुढच्या खेपेला विमानतळावर अधिकारी फोन मागतो आणि त्यात शेजारणीचा "वाकळ कधी होणार, पैसे तयार आहेत" असा मेसेज असतो, तेव्हा ते वाक्य कामाला येत नाही.

भेट देऊ शकतात. तुम्ही स्वतः शिवून विकू शकता. मी वकील नाही, शंका असेल तर वकिलाला विचारा.

---

टिळक_रोड | १५ सप्टेंबर

शेजारणीला देऊन टाका की. आपल्या आयांनी कधी गोधडीचे पैसे घेतले? हल्ली सगळ्यालाच किंमत लावायची सवय झालीय.

---

रीळवाली | १५ सप्टेंबर

लेकी, मी लँकेस्टरला असते, तुझ्यापासून पाऊण तासावर. तुझा धागा वाचून हातातलं ठेवलं आणि लिहायला बसले, त्यामुळे लांबेल.

टिळक रोड यांच्यापासून सुरुवात करते. आपल्या आयांनी पैसे घेतले नाहीत हे खरं नाही. तुमच्या टिळक रोडवरच्या वाड्यांत बायका यायच्या, घरातल्या जुन्या साड्या घ्यायच्या, अंगणात चार दिवस बसून गोधडी शिवून द्यायच्या आणि मजुरी घेऊन जायच्या. त्यांच्याशी दोन-दोन रुपयांवर घासाघीस करायची ती आपलीच आई. फुकट शिवायची ती घरातली, आणि तिच्या टाक्यांना माया म्हणायचं. असो.

मी १९९४ साली इथे आले, एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या कामाच्या व्हिसाला जोडून बायकोला मिळतो त्यावर. तेव्हा एच-४ वाल्या बायकांना कामाचा परवाना हा प्रकारच नव्हता, तो २०१५ मध्ये आला आणि तोही सगळ्यांना नाही. नवरा दिवसभर कंपनीत, मी अपार्टमेंटमध्ये, बाहेर बर्फ. सासूबाईंनी पेटी भरताना तळाशी जुनी पातळं घातली होती, काचेची भांडी फुटू नयेत म्हणून. भांडी निघाली, पातळं उरली. त्यांची पहिली गोधडी शिवली. एक झाली की उसवून परत शिवायची, कारण कापड तेवढंच. माझा हात बसला तो असा.

विकायला लागले ग्रीन कार्ड हातात आल्यावर. पहिली गोधडी गेली ६० डॉलरला. एक बाई आली, हात फिरवला, किती म्हणाली. माझ्या तोंडून साठ निघालं आणि तिने मला विचार करायला वेळच दिला नाही. मी खुशीत घरी येऊन शिरा केला. तीन आठवड्यांनी गावातल्या एका दुकानाच्या काचेमागे सासूबाईंचं विटकं हिरवं पातळ दिसलं. माझीच गोधडी. खाली चिठ्ठी: "विंटेज कांथा, भारत, ३५० डॉलर".

पैशाचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण जास्त लागलं ते 'कांथा'. कांथा बंगालची. त्यांचा धावदोरा मासे काढतो, कमळं काढतो, कधी अख्खी गोष्ट काढतो. सिंधकडची ती रल्ली. आपली गोधडी चौकोनात चौकोन अशी बाहेरून आत शिवत येते, तिच्यात चित्र नसतं, फक्त काठ कुठे लावायचा याची अक्कल असते. पण इथल्या गिऱ्हाइकाला दोनच नावं माहीत आहेत, मग दुकानदार तीच लावतो. म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नको. पटापट जाते हे खरं, आणि तरीही नको.

हे मला कुणी शिकवलं ते सांगते.

आमचा शनिवारचा बाजार एका चर्चच्या पार्किंगमध्ये भरतो. माझ्या डाव्या हाताला जिचं टेबल असतं ती मोंग. स्पेलिंगमध्ये आधी एच आहे, तो बोलायचा नाही, हेही तिनेच सांगितलं. मोंग म्हणजे लाओसच्या डोंगरातले लोक. १९६० च्या दशकात अमेरिकेने तिथे गुपचूप लढाई लढवली ती यांच्या पोरांना हाताशी धरून. १९७५ मध्ये अमेरिका निघून गेली आणि हे मागे राहिले. मग रात्रीतून मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत. ही बान विनाई नावाच्या छावणीत होती, नऊ वर्षांची.

त्यांच्या कशिद्याला 'पां न्दाउ' असं काहीसं म्हणतात, अर्थ फुलांचं कापड. नवीन वर्षाचे घागरे, बाळाला पाठीशी बांधायचं फडकं, यांच्यावर तो असायचा. त्यात माणसं-प्राणी नसायचे, नुसती नक्षी: गोगलगाईचं वेटोळं, हत्तीचं पाऊल. छावणीत बायकांना दिवसभर काम नाही आणि हातात पैसा नाही. तिथे परदेशी मदतवाले होते, त्यांना विकण्यासाठी म्हणून कापडावर चित्रं शिवणं सुरू झालं. विमानं, सैनिक, नदीत पोहणारी माणसं, बांबूच्या नळ्या धरून तरंगणारी माणसं. सगळं भरतकामात. आणि अमेरिकन दिवाणखान्यात शोभावं म्हणून त्यांच्या भडक गुलाबी-हिरव्याच्या जागी निळे, तपकिरी रंग आले. ज्याला आज आपण त्यांची परंपरा म्हणून बघतो त्यातला एक भाग छावणीत विक्रीसाठी जन्मलेला आहे. मला हे कळल्यावर आपल्या 'अस्सल'च्या गप्पांचं जरा हसू आलं.

लँकेस्टरच्या चर्चवाल्यांनी, त्यांत मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे बरेच, अशी कुटुंबं इकडे आणली. त्याच सुमाराला इथे काय चाललं होतं बघ. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुन्या अमेरिकन क्विल्ट भिंतीवर टांगल्या, चित्रं टांगावीत तशा. त्यानंतर क्विल्टला भाव आला आणि अमिश (इथले जुन्या चालीने राहणारे, घोड्याच्या बग्गीतून फिरणारे ख्रिस्ती) क्विल्टला तर फारच. बसेस भरभरून लोक आमच्या जिल्ह्यात यायला लागले. अमिश बायकांचे हात कमी पडले. दुकानदारांच्या लक्षात आलं की या नव्या आलेल्या बायकांचा टाका बारीक आहे, त्यातही कापडावर कापड शिवायचं काम त्यांचं अफाट. मग कापड त्यांच्या घरी जायला लागलं. प्रवासी घेऊन जायचे ती 'अमिश क्विल्ट', शिवलेली मात्र मोंग बाईने. जुन्या अमिश क्विल्ट म्हणजे गडद लोकरी कापडाचे मोठे साधे चौकोन, फुलं-वेली त्यांच्यात फारशा नव्हत्याच. पण गिऱ्हाइकाला फुलं-वेली हव्या होत्या आणि अमिशही हवं होतं.

सगळीच फसवणूक होती असं नाही म्हणणार मी. एका क्विल्टवर चार घरांचे हात फिरतात. एक कापते, एक जोडते, एक टाके घालते. त्यात अमिश बाईही असायची. पण चिठ्ठीवर नाव एकीचंच.

बाजारातल्या माझ्या या मोंग शेजारणीने अकरा वर्षं असं काम केलं, नगावर. आमची ओळख झाली तो शनिवार मला आठवतो. तिने माझी गोधडी उचलली आणि सरळ उलटी केली. मागची बाजू बघायला पंधरा वर्षांत एकही गिऱ्हाईक गेलेलं नाही, ती पहिल्या मिनिटाला गेली. म्हणाली, गाठी कुठे आहेत? मी दाखवलं, दोरा संपला की गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून घ्यायची. ती हसली. त्यांच्यातही गाठ दिसली तर सासू बोलते म्हणे.

मग तिने स्वतःचं काम दाखवलं. वरच्या कापडाला कात्रीच्या नुसत्या टोकाने चीर देते. आखणी नाही, खडू नाही. चिरेची कड सुईच्याच टोकाने आत ढकलते, डाव्या अंगठ्याने दाबते, आणि टाका असा घालते की शोधावा लागतो. खालच्या कापडाचा रंग त्या चिरेतून रेघ होऊन वर येतो. रेघ तांदळाच्या दाण्याच्या रुंदीची, आणि ती वळत वळत गोगलगाय होते. मी इतकी वर्षं सुई धरतेय, पण तिच्या अंगठ्याचं नख बघून गप्प बसले. मधोमध खाच पडलीय, सुई टेकून टेकून.

मी तिला काचेमागच्या गोधडीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, तुला निदान तुझी ओळखता तरी आली. माझ्या कितीतरी क्विल्ट कुठल्या कुठल्या पलंगांवर आहेत, मला एकही दाखवता येणार नाही. त्यानंतर तिने स्वतःचं दुकान मांडलं, टेबल आणि छत्री एवढंच, आणि प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने नाव घालायला लागली.

आता माझ्याही प्रत्येक गोधडीला मागे सुती पट्टी असते. 'गोधडी. महाराष्ट्र.' मग माझं नाव, साल, आणि साडी कुणाची ते. "सासूबाईंचं पातळ, मिरज." गिऱ्हाईक ती पट्टी वाचतं आणि मग 'गो-ढा-डी' असं म्हणून बघतं. म्हणू दे. दहातल्या चार जणांना जमतं.

भाव आणि बाकीचं उद्या लिहिते. चहा गार झाला.

---

खाजनकाठ | १६ सप्टेंबर

रीळवालीताई, मस्तच लिहिलंत. मी म्हापशाचा. नावाचा विषय निघालाच आहे म्हणून भर घालतो. अमेरिकेतल्या क्विल्ट शिवणाऱ्यांत हल्ली 'कवंदी' हा शब्द जोरात आहे, तिचे वर्गबिर्ग चालतात. ती सिद्दी बायकांची. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलेले लोक, त्यांतले बरेच पळून घाटावरच्या रानात गेले. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या बाजूला आजही त्यांची वस्ती आहे आणि घरात कोंकणीच बोलतात. म्हणजे आमच्याच घरातून पळालेले.

कवंदीही कडेपासून आत शिवत येतात, पण कापडाचे तुकडे आधी जोडून घेत नाहीत. शिवता शिवताच एकेक तुकडा सरकवत जातात. आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण, त्यांना 'फुलां' म्हणतात. फुलां नसली तर कवंदी नागडी. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आफ्रिकन डायस्पोरा म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन झालं होतं.

सांगायचा मुद्दा, उद्या कुणी 'कवंदी म्हणून टाक, त्याला भाव आहे' असं सुचवेल. कऱ्हाडच्या वाकळेला कोपऱ्यात फुलां नाहीत. ती कवंदी नव्हे.

---

कऱ्हाडची_लेक | १६ सप्टेंबर

रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. मोंग बाईचं ऐकून म्हणाली, "तिला आपल्याकडं जेवायला बोलव." मी म्हटलं, अगं ती आपल्याला ओळखत नाही. "मग काय झालं?"

नियमपुस्तक, तुमचं पटलं. आईचे पैसे घ्यायचा विषय बंद. पण आता माझ्याच डोक्यात किडा वळवळतोय. मी शिकले आणि मी शिवली तर? मी साधं बटण लावताना बोट टोचून घेणारी बाई आहे, तरी. आणि आईने गावी शिवलेल्या पाच-सहा घरी पडून आहेत, त्या मागवून विकता येतील का? ताई, भावाचं लिहा ना.

---

रीळवाली | १७ सप्टेंबर

गावाकडून मागवायच्या तर रीतसर माल म्हणून यायला हव्यात, भेट म्हणून खोटं लिहून नव्हे. पूर्वी ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला ड्युटी नसायची. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे आधी सगळा हिशेब मांड आणि मगच आईच्या ट्रंकेला हात लाव.

आता भाव. आई रोज किती बसते? चार तास धरू. एक सिंगल वाकळ वीस दिवसांची, म्हणजे ८० तास. आपल्या राज्यातलं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, म्हणजे हॅम्बर्गर उलटणाऱ्या पोराच्या दराने ५८० झाले. दोरा, सुया, अस्तर वेगळं. शेजारणीचे दीडशे म्हणजे तासाला दोन डॉलरसुद्धा नाहीत. तिचा दोष नाही, तिला मॉलमध्ये परदेशातून आलेली क्विल्ट ऐंशीला दिसते. मी मोठी गोधडी ४५० ला लावते. वर्षाला चार जातात, कधी तीन. घर चालतं ते उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्यांवर आणि चहाच्या किटलीच्या टोप्यांवर. त्या १८ ला एक, आणि ख्रिसमसच्या आधी पुरत नाहीत. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते.

एट्सीवर (हातच्या वस्तू विकायची वेबसाइट) टाकलीस तर वस्तू मांडायचे २० सेंट, विकली गेली की साडेसहा टक्के, वर पैसे वळते करायचे ३ टक्के आणि २५ सेंट. ४०० च्या गोधडीमागे साडेअडतीसच्या आसपास गेले. शिवाय फोटो चांगले हवेत. माझे नवरा काढतो, प्रत्येकात त्याची सावली असते. मी एट्सी सोडली.

विक्रीकराचं लायसन्स काढ, राज्य त्याचे पैसे घेत नाही. आपल्या राज्यात कपड्यांवर विक्रीकर नाही म्हणून हुरळू नकोस. गोधडी अंगावर घेतात, घालत नाहीत. ६ टक्के लागतात.

लेबल हवं: धागा कोणता, कुठे बनलं, कुणी बनवलं. जुन्या साड्यांत सूत किती आणि टेरिकॉट किती ते तुझ्या आजीलाही सांगता आलं नसतं, म्हणून "धाग्याचं प्रमाण न ठरवता येणारे तुकडे" अशा अर्थाचं वाक्य नियमात बसतं, ते वापर. शिवाय पेनसिल्व्हेनियात अंथरूण-पांघरुणांचा वेगळा कायदा आहे. माल नवा की वापरलेला ते लेबलवर सांगायचं आणि नोंदणी करायची. राज्याच्या कामगार खात्याला फोन कर, तिथे माणूस फोन उचलतो. बाळाची दुपटी मात्र विकायला काढू नकोस. लहान मुलांच्या वस्तूंना २००८ चा निराळाच कायदा आहे, त्यात शिरलीस तर शिवायला वेळ उरायचा नाही.

आणि डांबरगोळ्या! हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं. माझी दुसरी गोधडी चार दिवसांत परत आली. बाई अगदी नम्रपणे म्हणाली, खूप सुंदर आहे पण हिला आमच्या आजोबांच्या तळघरासारखा वास येतो. मला तो वास येतच नव्हता! आपल्याला तो घराचा वास वाटतो. तेव्हापासून साडी आधी दोनदा धुते, आठवडाभर सावलीत वाऱ्यावर टाकते. इरकलीचा लाल काठ आधी वेगळा भिजत घाल, पाणी लाल झालं तर तो तुकडा गोधडीत नको. इथले लोक सगळं मशीनमध्ये टाकतात, तू पट्टीवर 'हाताने धुवा' असं लिहिलंस तरी.

एक घरगुती सूचना. आमच्यात मधला शेवटचा चौकोन बंद करताना आत चार तांदूळ टाकायचे, गोधडीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. तुमच्यात असेल तर विकायच्या गोधडीत टाकू नका. इथल्या तळघरांत उंदीर असतात.

तुला लगेच विकायची घाई नसेल तर अजून एक. फेब्रुवारी-मार्चपासून आमच्याकडे 'मड सेल' लागतात. गावागावांतली अग्निशामक दलं स्वयंसेवकांची, त्यांच्या मदतीसाठी लिलाव. शेतात चिखल गुडघाभर, त्यातच बग्ग्या, नांगर, कोंबड्या आणि एका तंबूत क्विल्ट. दोन माणसं क्विल्टची दोन टोकं धरून उंच करतात आणि लिलाववाला असा बोलतो की मला तीस वर्षांनीही आकडा कळत नाही. वस्तू दान दिली की पैसे बंबवाल्यांना. एकदा जाऊन ये. आपल्या हातची गोष्ट चारशे लोकांसमोर वर उचललेली बघणं काय असतं ते कळेल.

---

टिळक_रोड | १७ सप्टेंबर

ताई, माझी कानउघाडणी पोचली. आमच्या वाड्यात खरंच एक बाई यायच्या. लाल पिशवी होती त्यांची. नाव आठवत नाही. आज आईला फोन करून विचारलं, तिलाही आठवेना.

---

कऱ्हाडची_लेक | ५ ऑक्टोबर

अपडेट देते.

शेजारणीला सगळं नीट समजावलं. तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं, तर म्हणाली, मग मला शिकवा. आता दर बुधवारी दोनला येते. गेल्या वेळी वारलेल्या नवऱ्याचे सहा शर्ट घेऊन आली. मला गलबलून आलं, आईने मात्र एकेक शर्ट चिमटीत धरून बघितला आणि चार बाजूला काढले. "जाड आहेत, सुई जायची नाही. हिला सांग, उन्हाळ्यातले आण." फ्लॅनेल परत गेलं. काल सुती आले.

माझीही एक सुरू आहे. हात-दीड हात झालीय. टाके म्हणजे मुंगी दारू पिऊन चालल्यासारखे. आईने दोन ओळी उसवायला लावल्या, तिसरी राहू दिली. म्हणाली, "ही तुझीच दिसूदे." चांगल्या अर्थाने की वाईट, विचारलं नाही.

हिरव्या काठाची जी शेजारणीने मागितली होती ती पूर्ण झाली. ती मड सेलला द्यायची असं आईनेच ठरवलं. "आग विझवायला जाणार असेल तर जाऊ दे." मागच्या पट्टीवर काय लिहायचं यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी तिने स्वतःच मराठीत घातलंय: 'वाकळ', खाली आजीचं नाव, गावाचं नाव. स्वतःचं घालायला तयार नव्हती. मी हट्ट केला तेव्हा घातलं, पण बाबांच्या नावासकट, पूर्ण, म्हणून ओळ पट्टीबाहेर गेली आणि पट्टी दोनदा बदलली. इंग्रजीत खाली मी लिहिणार आहे.

एकच अडचण. गावाहून आणलेल्या सुयांपैकी शेवटची परवा मोडली. इथल्या क्राफ्टच्या दुकानातून तीन प्रकारच्या आणल्या. आई म्हणते एक बोथट, एकीचं नाक लहान, आणि तिसरी वाकते. कुठली घेऊ?

---

रीळवाली | ५ ऑक्टोबर

क्विल्टच्या सुया म्हणून मिळतात त्या आखूड असतात, आपल्या हाताला नाहीत जमायच्या. साशिकोच्या जपानी सुया बघ, लांब आणि ताठ असतात, नाकही मोठं. पण विकत घेऊ नकोस अजून. माझ्याकडे मिरजेहून आणलेली चार पाकिटं आहेत. शनिवारी आईला घेऊन बाजारात ये, नऊच्या आत, नंतर पार्किंग मिळत नाही. माझ्या मोंग शेजारणीला सांगून ठेवलंय. ती वाकळेची मागची बाजू बघणार आहे, आईला सांग.